बरे झालेले पोर ओट्यावर किती दिवस बसवणार?

आवणीच्या दिवसांत आम्ही मांडवीच्या बाजूला एका पाड्यावर गेलो होतो. पाऊस जरा उघडला होता आणि सगळे घर चिखलात उतरले होते. म्हातारी आजी भाताच्या रोपांच्या जुड्या बांधत होती, सात वर्षांची धाकटी त्या जुड्या बांधावरून नेऊन आईला देत होती. घरी ओट्यावर एकटा बसला होता तो तेरा वर्षांचा थोरला. अंगाने चांगला भरलेला, हातात मोबाइल, शेजारी शेवेची ताटली. "काय रे, तू नाही गेलास?" असे आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, "फादर, मला कॅन्सर झाला होता ना."

झाला होता, हे खरे. रक्ताचा कर्करोग. सुरतेहून मुंबईला नेऊन अडीच वर्षे उपचार केले, रान गहाण पडले, आईच्या कानातले गेले. पण उपचार संपून आता चार वर्षे होऊन गेली आहेत आणि डॉक्टरांनी रोग गेल्याचे सांगितले आहे. बापाला आम्ही बांधावरच गाठले. तो म्हणाला, "फादर, हातचं गेलेलं पोर देवानं परत दिलं. त्याला पुन्हा चिखलात कसं घालू?" यावर आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही. कारण चार वर्षांपूर्वी याच घरी चहा घेताना "त्याला जपा, दगदग होऊ देऊ नका," असे सांगून गेलेलो आम्हीच होतो. आईबापांनी आमचा शब्द पाळला होता. पोर जपले होते, इतके की आता ओट्यावरून विहिरीपर्यंत चालले तरी त्याला धाप लागते.

म्हणून आज या पानावर, कांद्याच्या रोपांबद्दल लिहायचे ठरले होते ते बाजूला ठेवून, आमचीच चूक दुरुस्त करायला बसलो आहोत. आमचे आता स्पष्ट मत झाले आहे की कर्करोगातून बरे झालेल्या मुलाला बसवून ठेवणे ही माया नव्हे. त्याला हालचाल हवी. खेळ हवा, चालणे हवे, घाम यायला हवा. मात्र त्याआधी त्याचे हृदय एकदा तपासलेले हवे आणि त्याला कोणते औषध किती दिले गेले याचा कागद घरात हवा.

आपल्या देशात दर वर्षी सुमारे 50 हजार मुलांना कर्करोग होतो, असा अंदाज सांगितला जातो. पूर्वी मुलाला हा रोग झाला म्हणजे सगळे संपले, अशीच समजूत होती. आज श्रीमंत देशांत 100 पैकी 80 हून अधिक मुले बरी होतात. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, कारण रोग उशिरा कळतो आणि पैसे संपले की उपचार मध्येच सुटतात. निदान 60 टक्के मुले तरी जगावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली ठेवले, 2030 पर्यंतचे. म्हणजे पाड्यापाड्यांतून, उधना-लिंबायतच्या चाळींतून, बरी झालेली मुले पुढे वाढतच जाणार. ती जगली एवढ्यावर आपण टाळ्या वाजवून थांबायचे, की ती चाळिशीपर्यंत धडधाकट कशी पोहोचतील हेही पाहायचे?

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने हा प्रश्न फार आधी विचारला. डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी तेथे 1991 साली उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना सुरू केला. रोग नसलेल्या मुलांचा दवाखाना! तेव्हा ही कल्पना आपल्या देशात नवीच होती. मूल वाढते आहे ना, हृदय बरोबर चालते ना, शाळेत मन लागते ना, हे तेथे वर्षानुवर्षे पाहिले जाते. पुढे 2009 साली अशाच बऱ्या झालेल्या तरुण मुलामुलींनी 'उगम' नावाची स्वतःची मंडळी उभी केली. भारतीय कर्करोग संस्थेचा तिला आधार आहे. उपचार चालू असलेल्या घाबरलेल्या आईबापांसमोर हे तरुण जाऊन उभे राहतात. आमच्या दहा प्रवचनांनी मिळणार नाही तो धीर त्यांना नुसते पाहून मिळत असेल.

आता शरीरात काय होते ते पाहू. रोग मारायला जी औषधे दिली जातात ती रोगाच्या पेशींबरोबर चांगल्या पेशींनाही थोडे पोळतात. तणनाशक मारताना वारा फिरला की पिकाची पानेही करपतात, तसे. आईबापांना एक लाल रंगाचे औषध हमखास आठवते, सलाईनमधून जाणारे, ज्यानंतर लघवीही लालसर होते. त्याची नावे डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन अशी आहेत. औषध नामी आहे, हजारो मुले त्यानेच वाचली. पण एकूण मात्रा जास्त झाली तर हृदयाचा स्नायू त्याने अशक्त होऊ शकतो, आणि हे कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी दिसते. छातीवर किरणांचा शेक दिला असेल तर तोही हृदयाला बाधतो. दुसरे औषध व्हिन्क्रिस्टिन. हे हातापायांच्या शिरांना बधिर करते. पाऊल नीट उचलले जात नाही, मूल सपाट जागी ठेचकाळते, पायातली चप्पल निसटते आणि त्याला कळतही नाही. तिसरी गोष्ट स्टेरॉइडच्या गोळ्यांची. त्यांनी हाडे ठिसूळ होतात, आणि काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच तुटतो. डोक्याला शेक दिलेला असेल तर उंची खुंटते आणि चरबी चढते.

या सगळ्यावर आपण काय करतो? पोराला बसवतो आणि खाऊ घालतो. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, अशी म्हण आपल्या मुलखात आहेच. पोर वाचले म्हणून आत्या घारी आणते, मामा लोचो आणतो, शेवगाठ्यांचा डबा तर उघडाच असतो. वजन वाढते आणि घरच्यांना वाटते, प्रकृती सुधारली. अहो, तो सुधार नव्हे. ज्या हृदयाला आधीच थोडा मार बसला आहे त्याच्यावर चरबी आणि रक्तदाब यांचे ओझे आपण आणखी लादत असतो. हाडांचेही तसेच. हाडे भरण्याचे वय विशी-पंचविशीपर्यंतचेच असते, आणि अंगावर भार पडल्याशिवाय, धावल्या-उड्या मारल्याशिवाय, ती भरत नाहीत. नागलीची भाकर, दूध, कोवळे ऊन हे हवेच. पण नुसती नागली खाऊन बसून राहिलेल्याचे हाड बळकट होत नाही.

शेतकऱ्याला हे बैलाच्या भाषेत लवकर कळेल. दुखण्यातून उठलेला बैल तुम्ही पहिल्याच दिवशी नांगराला जुंपता काय? नाही. आणि त्याला वर्षभर खुंट्याला बांधून पेंड चारत बसता काय? तेही नाही, तसा बैल बसका होतो आणि पुढे कोणत्याच कामाचा राहत नाही, हे तुमच्या आजोबांनाही ठाऊक होते. तुम्ही त्याला आधी पाणंदीने फिरवून आणता, मग रिकामी गाडी, मग हलकी कुळवणी. बैलाच्या बाबतीत जे शहाणपण आपण सहज वापरतो ते पोराच्या बाबतीत भीतीने हरपते.

हे आमच्या मनचे नाही. अमेरिका आणि कॅनडात 1970 ते 1999 या काळात वयाच्या 21 वर्षांआधी कर्करोग होऊन बरे झालेल्या 15,450 जणांचा मोठेपणी पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचा अहवाल 2018 साली प्रसिद्ध झाला. जे अंगमेहनतीचा व्यायाम करीत होते त्यांच्यात पुढील वर्षांतले मृत्यू कमी होते. त्यांतल्या 5,689 जणांचा व्यायाम आठ वर्षांच्या अंतराने पुन्हा विचारला, तेव्हा ज्यांनी तो वाढवला होता त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण, व्यायाम कमीच राहिलेल्यांपेक्षा 40 टक्क्यांनी कमी निघाले. आता, ज्याची प्रकृती मुळात बरी तोच जास्त फिरतो, हेही खरे. संशोधकांनी त्याचा हिशेब धरला असला तरी तेवढी शंका ठेवावी. शिवाय ते तिकडचे लोक, आपले नव्हेत. पण शंका वजा करूनही जे उरते ते "बसा" असे सांगत नाही. कर्करोगाच्या मुलांच्या हालचालीबद्दल जगातल्या जाणकारांनी 2021 साली एकत्र बसून जी सूचना काढली तिचा रोखही हाच आहे: थोडे हलणे न हलण्यापेक्षा बरे, आणि जमेल तेव्हा, जमेल तितके हलावे. उपचार चालू असतानाही! अर्थात उपचारात रक्तातल्या पेशी कमी झालेल्या असतात, त्या दिवसांत किती नि काय हे तिथलेच डॉक्टर सांगतील. आमचे आजचे लिहिणे उपचार संपलेल्यांसाठी आहे.

येथे काही जण टेरी फॉक्सचे उदाहरण देतात. कॅनडाचा हा मुलगा. 1977 साली, 18 वर्षांचा असताना, हाडाच्या कर्करोगाने त्याचा उजवा पाय गेला. 1980 साली कृत्रिम पाय लावून तो देशाच्या एका टोकापासून धावत निघाला आणि 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला. मग रोग छातीत उतरल्याने त्याला थांबावे लागले, आणि पुढच्या जूनमध्ये तो वारला. त्याच्या नावाची दौड मुंबईतही निघत आली आहे. माणूस थोरच. पण आमच्या पाड्यावरच्या बापाला ही गोष्ट सांगायला आम्हांला धीर होत नाही. तो म्हणेल, "बघा, धावला आणि गेला." धावल्याने तो गेला नाही, रोगाने गेला, हे समजावताना आमचीच दमछाक होईल. आम्हांला त्यापेक्षा मॉस्कोची हकीकत बरी वाटते. तेथे 2010 पासून कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांचे खेळ भरवले जाऊ लागले: धावणे, पोहणे, फुटबॉल, टेबल टेनिस, नेमबाजी, इतकेच काय बुद्धिबळसुद्धा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बरी झालेली आपली मुलेही तेथे जाऊन खेळली आणि पदके घेऊन आली. आणि खरे सांगायचे तर आम्हांला पदकेही नकोत. आमच्या पोराने शेतावर बापाची न्याहारी पोहोचवावी आणि धाप न लागता परत यावे, एवढीच आमची मागणी आहे.

आता मेहनत आणि मेहनत यांत फरक आहे, तो शेतकऱ्याने नीट ध्यानात घ्यावा. चालणे, सायकल, शेळ्यांमागे फिरणे, खुरपणी, लगोरी, कबड्डी यांत श्वास चालू राहतो, हृदय जोरात पण मोकळे चालते. याउलट युरियाची 45 किलोची गोण उचलताना, उसाची मोळी डोक्यावर घेताना आपण दम कोंडतो, सगळे अंग ताठ होते आणि रक्तदाब एकदम चढतो. धडधाकट माणसाला त्याचे काही वाटत नाही. लाल औषधाने ज्याचे हृदय अशक्त झाले आहे त्याला मात्र ते झेपणार नाही. म्हणून हृदयाची तपासणी होऊन डॉक्टरांनी "हरकत नाही" म्हणेपर्यंत अशा पोराच्या पाठीवर गोण देऊ नये. फवारणीचा पंप तर कधीच देऊ नये. एक तर भरलेला पंप जड, आणि त्यातले औषध विषारी. जी काया एकदा एवढ्या विषाशी झुंजली तिला पुन्हा ते हुंगवायचे कशाला? तंबाखू, गुटखा, विडी यांबद्दलही तेच. आणि कोणी आमच्या लिहिण्याचा असा अर्थ काढू नये की फादरांनी पोरांना ऊसतोडीला धाडायला सांगितले. आम्ही खेळायला आणि हिंडायला सांगतो आहोत, मजुरीला नव्हे.

हृदयाची तपासणी म्हणजे इको. छातीवर गार जेली लावून यंत्र फिरवतात, सुई नाही, दुखणे नाही. ती सुरतेतही होते, त्यासाठी मुंबईच गाठायला हवी असे नाही. लाल औषधाची मात्रा जास्त झालेल्यांनी ती दर दोन वर्षांनी आणि मध्यम मात्रेच्यांनी दर पाच वर्षांनी करावी, असा जाणकारांचा नियम आहे. आपले मूल कोणत्या गटात, हे कळणार कसे? त्यासाठीच तो कागद. कोणते औषध, एकूण किती, शेक दिला तर कोठे आणि किती, कोणती शस्त्रक्रिया, हे सगळे एका पानावर लिहून द्या, अशी विनंती रुग्णालयात हात जोडून नव्हे, हक्काने करावी. आम्ही पाहिले ते बहुतेक ठिकाणी एक्स-रेच्या जुन्या फिल्मा माळ्यावर, बियाण्याच्या पोत्यांमागे, आणि फाइल उंदरांनी खाल्लेली.

ज्यांना एकच मूत्रपिंड उरले आहे, एक डोळा काढावा लागला आहे किंवा पायात लोखंडी सांधा बसवला आहे, त्या मुलांनी धक्काबुक्कीच्या खेळाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. पण त्यांनाही चालायला, पोहायला बहुधा कोणी मना करीत नाही. कोणत्याही मुलाला थोड्या श्रमाने अवाजवी धाप लागली, छातीत धडधडले वा दुखले, चक्कर येऊन ते पडले, पावलांना सूज आली, तर खेळ थांबवून दवाखाना गाठावा. खुब्यात वा गुडघ्यात दुखून मूल लंगडू लागले तर "खेळून आले असेल" म्हणून तेल चोळत बसू नये. आपल्या गामीत, चौधरी, वसावा घरांत सिकलसेलही पुष्कळ आहे, आणि खुब्याचे हाड त्यानेही बिघडते. तेव्हा डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

मुलींबद्दल वेगळे लिहावे लागते याचे वाईट वाटते. बऱ्या झालेल्या मुलाला जपतात म्हणून बसवतात, मुलीला बसवतात ते लपवण्यासाठी. मैदानावर दिसली की लोक विचारतील, मग स्थळ येणार नाही. म्हणून ती घरात, आणि लग्न ठरताना सगळे गुपचूप. पुढे दिवस राहिले की हृदयावर आधीच भार वाढतो, आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना लाल औषधाचे कोणी सांगितलेलेच नसते. अशा मुलीचा इको गरोदरपणाच्या आधी किंवा सुरुवातीलाच व्हायला हवा. रोग लपवण्यासाठी जी गप्प बसवली तिच्या जिवाला याच गप्प बसण्याने धोका होतो. सासरच्यांना सांगा. जे हे ऐकून माघारी फिरतील ते पुढच्या कोणत्याही दुखण्यात माघारीच फिरले असते.

शाळेबद्दलही थोडे. एका शाळेत (नाव घेत नाही) अशा मुलाला सहावीपासून खेळाच्या तासाला कायमची सूट दिली होती. मास्तरांचा हेतू चांगला होता. उद्या मैदानावर काही झाले तर जबाबदारी कोणाची, ही त्यांची भीती आम्हांला समजते. पण त्या तासाला तो पोर वर्गात एकटा बसून दप्तरे राखत असे. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटे तरी अंग हलवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे 2020 सालचे सांगणे आहे, आणि त्यात बऱ्या झालेल्या मुलांना वगळलेले नाही. बापाने डॉक्टरांची चिठ्ठी आणून मास्तरांना द्यावी. मास्तरांनी त्याला धावता येत नसेल तर चालू द्यावे, दमला तर बसू द्यावे, पण दप्तरांचा राखणदार करू नये.

मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च कोणी आम्हांला सांगतील. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेभाड्यात जी सवलत मिळते ती उपचारांपुरतीच, अशी अनेकांची समजूत आहे. तसे नाही, ठरलेल्या तपासणीसाठी जातानाही रुग्णालयाच्या दाखल्यावर ती मिळते, आणि सोबत जाणाऱ्यालाही मिळते. स्लीपरच्या डब्यात रुग्णाला भाडे पडत नाही. दाखला मात्र आधी काढून ठेवावा. ऐन वेळी सुरत स्टेशनच्या खिडकीवर हुज्जत घालून उपयोग नाही.

पाड्यावरच्या त्या पोराचे पुढे काय झाले ते सांगतो. बापाने आधी महिनाभर टाळले. मग दिवाळीआधी आम्हीच त्याला घेऊन सुरतेला गेलो. इको चांगला निघाला. पाऊल थोडे ढिले आहे म्हणून पायाचे व्यायाम शिकवले, टाचांवर चालणे, भिंतीला हात टेकून चवड्यांवर उठणे. पहिल्या दिवशी शेळ्या घेऊन तो कालव्यापर्यंत निघाला तेव्हा वाटेत तीनदा बसला आणि घरी येऊन रडला. आईने आमच्याकडे पाहिले ते आम्ही विसरणार नाही. आता तो कालव्यावर जाऊन येतो, एकदाच बसतो, आणि आमच्या मते तोही दमून नव्हे, मोबाइल पाहण्यासाठी. आई अजून मागून छत्री पाठवते. पाठवू द्या.

आपल्या धर्मग्रामात ज्या घरी असे मूल आहे, लहान असो वा आता मोठे झालेले असो, त्यांनी येत्या दोन रविवारी मिस्सा झाल्यावर असतील ते सगळे कागद घेऊन आमच्या खोलीवर यावे. फाटके, भिजलेले, उंदरांनी खाल्लेलेही चालतील. सिस्टर नर्स बसणार आहेत. त्या औषधांची नावे उतरवून घेतील आणि रुग्णालयाला पाठवायचे पत्र लिहून देतील. ज्यांना चारचौघांत यायला संकोच वाटतो त्यांनी संध्याकाळी मागच्या दाराने यावे, दार उघडे ठेवू.